अँटीव्हायरस न घेता सात महिने: घरच्या कॉम्प्युटरचा अनुभव

दरवर्षी सोलापूरच्या नव्या पेठेतून अँटीव्हायरस आणायचा, त्याचा की नंबर टाकायचा आणि वर्षभर निवांत, असा आमचा शिरस्ता होता. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे मोफत अपडेट थांबले. एका दुकानदाराने तर सरळ नवीन मशीनच घ्यायला सांगितलं. आमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज 11 ला चालणारा. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम हा विंडोज 11 ला लागणारा सुरक्षेचा भाग बंद होता, तो चालू केला आणि काम झालं. खर्च शून्य. त्याच भरात अँटीव्हायरसचेही पैसे भरले नाहीत. विंडोजसोबत फुकट येतो त्या डिफेंडर या अँटीव्हायरसवरच राहिलो.

जुळे सोलापुरातल्या घरी कॉम्प्युटर एकच. त्यावर टॉवेलच्या धंद्याचे हिशेब, धाकट्या भावाची जेकार्डची डिझाइनं आणि अण्णांच्या मालिका.

खरा फरक पडला तो खात्यांमुळे. सगळे अधिकार असलेलं ॲडमिनिस्ट्रेटर खातं वेगळं ठेवलं, रोजच्या वापराला सगळ्यांना कमी अधिकारांचं स्टँडर्ड, मलासुद्धा; मोठा बदल करायचा तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, भाचे आले. एकाने कुठलंतरी गेमचं क्रॅक (फुकटात खेळायची चोरटी फाइल) उतरवून चालवलं आणि पासवर्डची चौकट समोर आली. "मामा, पासवर्ड काय आहे?" मी ताटावरून उठलो, फाइल उडवली आणि त्याला पाळण्यात बसायला पन्नास रुपये दिले. स्वस्तात सुटलो.

स्टँडर्ड खात्यातूनही त्या माणसाच्या स्वतःच्या फाइली खराब होऊ शकतात. म्हणून डिफेंडरमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू केलं. ते मुळात बंद असतं. अनोळखी प्रोग्रॅमला ते डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही. दुसऱ्याच दिवशी भाऊ ओरडला, डिझाइन सेव्ह होईना! त्याचं जुनं सॉफ्टवेअरच अडवलं होतं. परवानगीच्या यादीत टाकलं. महिनाभरात असे तीन प्रोग्रॅम निघाले, नंतर शांत. ज्याला धीर नाही तो हे पहिल्याच आठवड्यात बंद करणार.

डिफेंडर गप्प बसला तो अण्णांच्या बाबतीत. कोपऱ्यात सारखं "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, या नंबरवर फोन करा". अण्णांनी मोबाइल हातात घेतलाच होता. पण व्हायरस नव्हताच! मालिकांच्या एका साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि त्यांनी 'अलाऊ' दाबलं होतं. क्रोमच्या सेटिंगमधून ती साइट काढली, कुणी परवानगी विचारूच नये असं केलं आणि जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर टाकला. पैसे गेलेच तर लगेच लावायचा सायबर हेल्पलाइनचा 1930 हा नंबर आता कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात आहे.

बॅकअपला 1 टीबीची हार्ड डिस्क. रविवारी जोडायची, कॉपी झाली की काढून कपाटात. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, तिच्यावरच्या फाइलींनाही कुलूप लावतो. यात मात्र मीच कच्चा. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत बसवत नाही, त्यामुळे तीन रविवार चुकलेत. भाऊ रोज विचारतो. हे लिहून झालं की कपाट उघडतो.