गरम झाल्यावर बंद पडणारी एटीव्ही आणि न झालेले इंजिनकाम

गरम झाल्यावर बंद पडणारे आणि गार झाल्यावर निमूटपणे चालू होणारे इंजिन म्हणजे लबाड गॅरेजवाल्याचे चराऊ कुरण असते, कारण दुरुस्ती केली काय आणि न केली काय, गाडी ताब्यात देताना ती गारच असते आणि पहिल्या स्टार्टरला सुरू होते. त्यातून आमच्या एटीव्हीला, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या चारचाकी मोटारसायकलसारख्या गाडीला, रस्त्याचे पासिंग नाही. ती टेम्पोत घालून न्यायची आणि टेम्पोतच घालून आणायची, त्यामुळे वाटेत चालवून खात्री करण्याचा प्रश्नच येत नाही. पाचगणी, तापोळा, कास या भागांत पर्यटकांसाठी अशा गाड्या ठेवणाऱ्यांना हा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

वाईजवळच्या आमच्या शेतावर १५० सीसीची, हवेवर थंड होणारी, कार्ब्युरेटरची एटीव्ही आहे. चढावर वीस-पंचवीस मिनिटे फिरली की ती कोणतीही कुरकुर न करता एकदम बंद पडत असे आणि सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू होत असे. सातारा शहरालगतच्या एका गॅरेजात ती पोहोचवली, तेव्हा मालकांनी गाडी चालूही न करता सांगून टाकले, "साहेब, इंजिन सीझ होतंय. बोअर मारून पिस्टन बदलावा लागणार." म्हणजे पिस्टन अडकतो आहे, सिलिंडर आतून घासून मोठा करावा आणि त्यात मोठा पिस्टन घालावा. वास्तविक बंद पडल्यावरही स्टार्टर दाबला की इंजिन मोकळे फिरत होते, पिस्टन अडकणाऱ्या इंजिनात असे होत नाही, आणि हे मी त्यांना सांगितलेही होते. "तुम्ही गाडी चालवा, इंजिन आमच्यावर सोडा," एवढेच उत्तर मिळाले.

पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बोअर, गॅस्केट आणि नवा कार्ब्युरेटर असे मिळून १६,४०० रुपये झाले. बिल म्हणून वहीचा फाडलेला कागद मिळाला. पक्के बिल हवे असल्यास टॅक्स वेगळा पडेल, असे बजावण्यात आले. जुने भाग मागितले, तर ते भंगारात गेल्याचे उत्तर आले. गाडी शेतावर आली आणि त्याच चढावर बंद पडली. फोन केल्यावर त्यांनी आता सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेल्याचे निदान केले, तेही गाडी न पाहता.

यानंतर कराडच्या एका जुन्या मिस्त्रींना शेतावरच बोलावले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी गाडी बंद पडेपर्यंत चालवायला लावली. बंद पडताच टाकीचे झाकण उघडले. झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल तर आत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरत नाही आणि झाकण उघडताना हवा ओढल्याचा आवाज येतो. तो आला नाही. मग चांगला प्लग कॅपला लावून, पेट्रोलपासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून स्टार्टर मारला. ठिणगीच नाही. व्हॉल्व्हजवळ ठेवावी लागणारी बारीक फट (गॅप) कमी पडली तरी गरम इंजिन बंद पडते, पण त्यात आधी ओढ कमी होते. येथे तसे नव्हते, हे त्यांनी विचारून घेतले होते.

दोष मॅग्नेटच्या कव्हरमधील पल्सर कॉइलमध्ये, म्हणजे ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणाऱ्या तारेच्या गुंडाळीत, होता. गार असताना मीटरवर १२५ ओहम दिसले. गरम इंजिनवर सर्किट पूर्ण उघडे, म्हणजे तुटलेले. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे साठ अंश तापल्यावर १२५ चे १५० च्या आसपास होणे स्वाभाविकच आहे. पण आतली तुटलेली तार गरमीने सुटते आणि गार झाल्यावर पुन्हा टेकते, तेव्हा मीटरवर दोष दिसत नाही. गार गाडीवर केलेली तपासणी म्हणूनच निरर्थक ठरते. काही शे रुपयांची कॉइल बदलली आणि गाडी भर उन्हात चालत राहिली.

गॅरेजने इंजिनचे काम केलेच नसावे असा संशय होताच, म्हणून मिस्त्रींकडून हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडून घेतले. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा जाड थर होता. तो खरवडल्यावर खाली ०.२५ चा ठसा कोठेच नव्हता. ओव्हरसाइज पिस्टनवर तो असतो. कार्ब्युरेटरच्या वाटीचा एक स्क्रू पूर्वी शेतावर उघडताना सोलला गेला होता. तोच सोललेला स्क्रू "नव्या" कार्ब्युरेटरवर, पेट्रोलने लख्ख धुतलेला, मला दिसला. सर्वाचे फोटो मिस्त्रींच्या देखत काढून ठेवले.

पुरावा म्हणून फोनवरून भरलेल्या पैशांची नोंद आणि कामाची यादी असलेला गॅरेजचा संदेश उपयोगी पडला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. मात्र गाडी व्यवसायासाठी वापरणाऱ्यांना ती स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठीच आहे, हे दाखवावे लागते. गॅरेजवाले नेमका हाच आक्षेप पुढे करतात. वकिलांच्या नोटिशीनंतर बोअर-पिस्टनचे पैसे परत आले. कार्ब्युरेटरचे अद्याप आलेले नाहीत, आणि तो आपण नवाच बसवला होता, असे गॅरेजवाल्यांचे आजही म्हणणे आहे.