जलनेतीचा लोटा: अ‍ॅलर्जीचा अख्खा सीझन वापरून झाल्यावर

कोणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. पुण्यात राहता, पाऊस उघडायला लागला की सकाळी डोळे उघडायच्या आत शिंकांची माळ लागते, टाळू आतून खाजते, नाक एकतर गळतंय नाहीतर ठार बंद, आणि ऑफिसात जो तो विचारतो, सर्दी झाली का रे? सर्दी नसते ती. आमच्या बिल्डिंगच्या मागे मोकळा प्लॉट आहे, तिथे पावसाळ्यात छातीएवढं गाजर गवत माजतं, त्याचे पांढरे तुरे फुलले की आमचा सीझन सुरू. हे काँग्रेस गवत १९५० च्या दशकात भारतात पहिल्यांदा नजरेत आलं तेच पुण्यात, अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं म्हणतात, म्हणजे या बाबतीतही पुणेकर पहिले.

अ‍ॅलर्जीच्या गोळीने मला दिवसभर पेंग येते म्हणून जलनेती, म्हणजे तोटीच्या लोट्याने मिठाचं कोमट पाणी घालून नाक धुणं, करून बघायचं ठरवलं. क्रिया जुनीच, हठयोगाच्या षट्कर्मांतली, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांतली, आणि मावशी लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत शिकून आलेली, तिने बेसिनपाशी उभं करून शिकवलं. कमरेत वाकायचं, मान तिरकी, तोंडाने श्वास, वरच्या नाकपुडीत तोटी लावायची की पाणी खालच्या नाकपुडीतून आपोआप येतं. ऐकायला भयंकर वाटतं पण मीठ बरोबर असेल तर काहीही झोंबत नाही. नुसतं साधं पाणी घातलंत तर मात्र स्विमिंग टँकमध्ये नाकात पाणी गेल्यावर जी कळ डोक्यात जाते तीच जाते. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण चहाचा सपाट पाऊण चमचा, बिनआयोडीनचं, वर चिमूटभर खायचा सोडा. मीठ जाडं असेल तर चमच्यावर विश्वास ठेवू नका, वजनकाट्यावर मोजा. पाणी कोमट, मनगटावर टाकून बघायचं.

आता पाण्याबद्दल, आणि हे नीट वाचा. नळाचं पाणी डायरेक्ट नाकात अजिबात घालायचं नाही. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यायचं, झाकून गार करायचं, मग वापरायचं. नेग्लेरिया नावाचा अमिबा असतो, तो पोटात गेला तर काही करत नाही पण नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो, अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ साली दोन माणसं नेतीसाठी नळाचं पाणी वापरल्याने गेली होती. अगदी दुर्मिळ आहे मान्य, पण पाणी उकळायला कष्ट किती पडतात? आमच्याकडे आरओ आहे तरी मी उकळतोच, त्या टाकीत पाणी किती वेळ पडून असतं कोणास ठाऊक. रात्री भात लावताना बाजूच्या शेगडीवर ठेवून देतो, विषय संपला.

फरक पडला का? पडला, पण कुठे पडला ते सांगतो. नाक चोंदणं आणि घशात मागे उतरणारा तो चिकट शेंबूड, यात खूप फरक, रात्री तोंड उघडं टाकून झोपणं जवळजवळ बंद झालं (बायकोच्या मते घोरणंही). शिंका कमी झाल्या, गेल्या नाहीत. डोळ्यांच्या खाजेवर शून्य परिणाम, आणि का असेल, पाणी नाकातले परागकण आणि धूळ धुऊन काढतं, अंगाची अ‍ॅलर्जी तशीच राहते. म्हणून मला सकाळपेक्षा संध्याकाळी, बाईकवरून घरी आल्यावर केलेली नेती जास्त लागू पडते. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा स्प्रे मी सोडलेला नाही, आधी नेती, थोड्या वेळाने स्प्रे, उलट केलं तर औषध बेसिनमध्ये जातं. गोळी मात्र आता फक्त वाईट दिवशी.

बाकी घरगुती उपायांचं म्हणाल तर आईच्या आग्रहाने सगळे झाले. ओव्याची पुरचुंडी आणि वाफ, बरं वाटतं, अर्ध्या तासात परत जैसे थे, आणि घरात लहान मूल असेल तर ते उकळतं पातेलं लांबच ठेवा. हळदीचं दूध मला आवडतं म्हणून पितो, नाकाचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. नाकाला साजूक तुपाचं बोट लावल्याने कोरडेपणा जातो, तेवढंच. गावाकडचा मध रोज खाल्ला की अ‍ॅलर्जी जाते हे तर सोडूनच द्या, वाऱ्यावर उडून नाकात जातात ते परागकण बहुतेक वेगळे आणि मधमाशी गोळा करते ते वेगळे. त्यापेक्षा सीझनमध्ये कपडे बाल्कनीत वाळत घालणं बंद केलं आणि गाडीवर मास्क लावला, याचा जास्त उपयोग झाला.

कानात दडे बसले असतील, नाकाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा सारखा घोणा फुटत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. छातीत सुंई सुंई वाजत असेल तर नेतीबिती नाही, सरळ डॉक्टर. आणि नेती झाल्यावर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरायचं, एक दाबून जोरात शिंकरलं की कानात दडा बसलाच.

लोट्याबद्दल: माझा प्लास्टिकचा आहे, हलका, आत किती पाणी आहे ते दिसतं, रोज धुऊन उपडा ठेवला की वाळतो. तांब्याचा शोभेला छान पण मिठाने हिरवा पडतो. पाचपैकी चार स्टार, एक कापला कारण तोटीचं टोक जरा जाड आहे, बायकोच्या नाकाला बसत नाही, तिच्यासाठी बारीक तोटीचा वेगळा मागवलाय, तसाही लोटा ज्याचा त्यानेच वापरायचा असतो.