ब्राउन, विल्यमसन, केली एकत्र : ‘अर्बन ॲक्शन कलेक्शन’ डीव्हीडी संच

संचात चार चित्रपट आहेत, पण पैसे वसूल होतात ते ‘थ्री द हार्ड वे’मुळे (1974, दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स ज्युनिअर). वॉशिंग्टन, डेट्रॉइट आणि लॉस एंजेलिसच्या पाण्यात फक्त कृष्णवर्णीयांनाच मारणारं विष मिसळण्याचा वर्णद्वेष्ट्यांचा कट, आणि तो उधळणारे तिघं. जिम ब्राउन आणि फ्रेड विल्यमसन अमेरिकन फुटबॉलमधून आलेले, जिम केली कराटेतला. म्हणून मारामारीची ढबच वेगळी: ब्राउन अंगावर धावून जातो, विल्यमसन ऐटीत बंदूक चालवतो, केलीचं सगळं पायात. त्याची लाथ पूर्ण दिसते तिथे कॅमेरा मागे ठेवलाय, हे नीट बघा. कथेत भोकं आहेत, पण तिघं एका चौकटीत आले की ती कुणाला आठवत नाहीत!

‘ब्लॅक बेल्ट जोन्स’चा फेसातला शेवट झकास. ‘हॉट पोटॅटो’ हा त्याचाच पुढचा भाग, पण सैल. ‘ब्लॅक सॅमसन’मध्ये केली नाही.

नाशिकला मागवताना एक तपासा. डीव्हीडीवर ती जगाच्या कुठल्या भागात चालेल याचा ‘रीजन’ क्रमांक असतो. अमेरिकन प्रत रीजन 1 ची असते, आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे; तबकडी घालताच ‘चुकीचा रीजन’ येऊन थांबतं. एम. जी. रोडवर प्लेअर घेताना ‘ऑल रीजन’ मागा, आणि दुकानातच तबकडी लावून बघा. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन फक्त 5 वेळा बदलतो, नंतर शेवटचाच कायम राहतो.