अर्ध्या अंशाचा अ‍ॅक्सिकॉन: हवेत मीटरभर प्लाझ्मा हवा असेल तर

फेमटोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) पल्सच्या लेझरने हवेत प्लाझ्माची, म्हणजे आयनीभूत हवेची, लांब, सरळ रेघ उमटवायची असेल, तर साध्या भिंगाऐवजी अर्ध्या अंशाचा अ‍ॅक्सिकॉन घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. अ‍ॅक्सिकॉन म्हणजे एक बाजू सपाट आणि दुसरी बसक्या शंकूसारखी असलेली काच; अर्धा अंश हा त्या शंकूच्या उताराचा कोन. कॅटमुळे (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंदुरात लेझरवर हात बसलेली माणसं पुष्कळ आहेत, म्हणून प्राथमिक ओळख टाळून थेट वापराचं सांगतो. नग असा: फ्यूज्ड सिलिका, व्यास 25.4 मिमी, मध्यभागी जाडी सुमारे 5 मिमी, 800 नॅनोमीटरसाठी एआर (परावर्तन कमी करणारं) कोटिंग. पाचपैकी चार तारे.

भिंगाने केलेला फिलामेंट, म्हणजे प्लाझ्माची बारीक रेघ, एका जागी राहत नाही. ऊर्जा वाढवली की झोत लवकर आकसतो आणि फिलामेंटची सुरुवात लेझरच्या दिशेने सरकते. हवेत क्रिटिकल पॉवर, म्हणजे जिच्यापुढे झोत आपोआप आकसतो ती मर्यादा, काही गिगावॅटच असते. 3 मिलिजूल, 40 फेमटोसेकंदाच्या पल्सची शिखर पॉवर 70 गिगावॅट, त्यामुळे झोत जरा जरी असमान असला तरी त्याचे अनेक फिलामेंट फुटतात. अ‍ॅक्सिकॉनमध्ये रेघेची जागा मुख्यतः भूमिती ठरवते. किरण सुमारे 3.95 मिलिरेडियन वळतात. झोताची त्रिज्या 7 मिमी धरली तर त्यातून बनणारा बेसल झोत (मधे बारीक उजळ गाभा, भोवती कड्या) साधारण 1.77 मीटर टिकतो, आणि मधल्या गाभ्याचा व्यास सुमारे 155 मायक्रॉन. मात्र तीव्रता सगळीकडे सारखी नसते. गाउसियन (मधे तीव्र, कडेला मंद होत जाणारा) झोत दिला तर ती निम्म्या अंतरावर, म्हणजे 90 सेंमीच्या आसपास, सर्वाधिक असते. मोजमापाची उपकरणं तिथेच मांडा.

ऊर्जेचा हिशेब आधी करा. बेसल झोताची बरीच ऊर्जा बाहेरच्या कड्यांत असते, गाभ्याला थोडीच मिळते. 7 मिमी त्रिज्येच्या झोतात 3 मिलिजूल दिले तर अक्षावर 4×10¹³ वॅट प्रति चौरस सेंमीच्या जवळपास पोचता येतं, आणि ऑक्सिजनच्या आयनीभवनाला तेवढं पुरतं. 1 मिलिजूलच असेल तर एक अंशाचा अ‍ॅक्सिकॉन घ्या: रेघ निम्मी होईल, पण उजळ होईल. उलट, तेच 3 मिलिजूल 5 मिमी त्रिज्येत कोंबले तर बी-इंटिग्रल (तीव्रतेमुळे काचेत साचणारा जादा फेज, रेडियनमध्ये) 2 च्या घरात जातो आणि पल्स काचेतच बिघडते. 7 मिमीला तो 1 च्या आत राहतो. म्हणून झोत रुंद करायला आधी आरशांचा टेलिस्कोप लावा. काचेच्या डिस्पर्शनची (त्याने पल्स लांबते) फारशी काळजी नको: 180 चौरस फेमटोसेकंद डिस्पर्शनने 40 फेमटोसेकंदाची पल्स 42 ची होते, लेझरच्या कॉम्प्रेसरची ग्रेटिंग किंचित हलवली की भरून निघतं.

एक तारा कापला तो टोकासाठी. कारखान्यात टोक पूर्ण अणकुचीदार होत नाही, थोडं गोल राहतं. अर्धा मिमी त्रिज्येचा भाग गोल असला तर पहिले 13 सेंमी बेसल झोत नीट बनत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या भागातून जाणारा प्रकाश पुढे व्यतिकरण करतो आणि रेघेवर गाठी उमटतात. एकसंध रेघेऐवजी तुटक प्लाझ्मा दिसला की दोष बहुतेक वेळा लेझरचा नसून याचाच असतो. ऑर्डर देताना टोकाच्या गोलाईची कमाल मर्यादा लेखी मागा. विक्रेता ती द्यायला तयार नसेल, तर दुसरीकडे जा.

जुळवणी एनडी (प्रकाश मंद करणारा) फिल्टर लावून कमी ऊर्जेवर करा. सपाट बाजू लेझरकडे, आणि तिच्यावरून परतणारा ठिपका आधीच्या आयरिसच्या (लहान-मोठं होणाऱ्या छिद्राच्या पडद्याच्या) भोकात पडला पाहिजे. मग रेल्वरून कॅमेरा मागे-पुढे सरकवत गाभा बघा. गोल ठिपक्याऐवजी चौकटीची नक्षी दिसली तर अ‍ॅक्सिकॉन तिरका आहे. कड्या एका बाजूला उजळ असतील तर झोत केंद्रावर नाही. पूर्ण ऊर्जेवर कॅमेरा रेघेत ठेवू नका. प्लाझ्मा झाला की टकटक आवाज येतो, आणि नायट्रोजनची 337 नॅनोमीटरची चमक बाजूने मोजता येते.

माळव्यातल्या उन्हाळ्याची धूळ टोकावर बसली तर ती आधी कोरड्या स्वच्छ हवेने उडवा. टिश्यू थेट टोकावरून ओढला तर कोटिंगला ओरखडा पडतो. एसीचा झोत रेघेवर येऊ देऊ नका: गरम-थंड हवेच्या मिश्रणाने गाभा थरथरतो. वाटेतल्या बारीक कणामागे बेसल झोत पुन्हा जुळतो, पण हवेच्या अशा हेलकाव्यांवर त्याचा इलाज चालत नाही.

वाकलेली रेघ हवी असेल तर हा नग उपयोगाचा नाही. त्यासाठी एअरी झोत, म्हणजे वाटेत वाकत जाणारा झोत, देणारा क्यूबिक फेज मास्क लागतो. हवेत असे वाकलेले फिलामेंट 2009 मध्ये दाखवले गेले आहेत.