नाकावरच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया: बडोद्यातल्या सर्जनबद्दल आठ महिन्यांनंतरचा आमचा अनुभव

आईच्या नाकपुडीशेजारी ८ मिलिमीटरचा काळा, कडेला मोत्यासारखा चमकणारा उंचवटा होता. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. निदान बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर. आपल्या वर्णाच्या त्वचेवर तो बहुधा काळाच दिसतो, म्हणून चामखीळ समजून जाळला जातो. वरचं जळून जातं, तपासायला काही उरत नाही आणि खाली वाढ चालूच राहते. या सर्जननी जाळायला साफ नकार दिला आणि आधी पंच बायोप्सी केली, म्हणजे त्वचेचा छोटा गोल तुकडा तपासायला काढला.

त्यांचं शिक्षण एम.एस., मग सर्जिकल ऑन्कॉलॉजीत एम.सीएच. ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञही करतात, त्यामुळे पदवीइतकाच एक प्रश्न महत्त्वाचा: मार्जिन मोकळं आहे, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत, हे कळायच्या आत जखम बंद करणार का?

नाक ही धोक्याची जागा. छाती-पाठीवरच्या लहान गाठीला भोवतालची ४ मिलिमीटर त्वचा पुरते, नाकावर तेवढ्याची खात्री देता येत नाही. मोह्‌स पद्धतीत काढलेल्या तुकड्याची संपूर्ण कड आणि तळ त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ती सोय नसेल तर सर्वांत प्रामाणिक मार्ग थांबण्याचा. इथे तेच झालं. तुकड्याच्या वरच्या टोकाला दिशा कळावी म्हणून एक टाका घातला, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला, जखमेवर नुसतं ड्रेसिंग. सहाव्या दिवशी रिपोर्ट: गालाकडचं मार्जिन पॉझिटिव्ह, तिथे पेशी उरल्या होत्या. त्या टाक्यामुळे नेमकी तेवढीच बाजू पुन्हा काढता आली. ती मोकळी आल्यावरच गालाची त्वचा सरकवून जखमेवर बसवली, यालाच फ्लॅप म्हणतात. आधीच फ्लॅप फिरवला असता तर उरलेल्या पेशी त्याखाली कुठे गेल्या हे शोधणं अवघड झालं असतं. आठवडाभर उघडी जखम बघून घरचे घाबरतात, पण मला हीच या सर्जनची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

भूल स्थानिक: लिग्नोकेन, त्यात रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रिनलिन मिसळलेलं. इंजेक्शननंतर घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले, त्यामुळे रक्त फार गेलं नाही. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन परस्पर बंद केली नाही, आधी फिजिशियनना फोन केला.

फ्लॅपचे टाके सहाव्या दिवशी निघाले. रक्त आलं तर स्वच्छ गॉझने सलग २० मिनिटं दाब द्यायचा, मध्ये उचलून बघायचं नाही. जखमेवर साधं व्हॅसलिन; हळद नाही, पावडर नाही. पावडर स्रावात भिजून कडक पापुद्रा धरते आणि खालची त्वचा भरायला उशीर लागतो. तिसऱ्या महिन्यात फ्लॅप उशीसारखा फुगला होता. रोज दोनदा बोटाने घट्ट दाबून मसाज केला, आता जवळजवळ सपाट आहे.

तक्रार दोन गोष्टींची. डिस्चार्जचा कागद सगळा संक्षेपात, रात्री फोन कुणाला करायचा तेच त्यावर नाही. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची प्रतही दोनदा मागावी लागली. ती घ्याच आणि त्यावरचा ब्लॉक नंबर (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्याचा क्रमांक) जपा, दुसरं मत घ्यायचं झाल्यास लागतो.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी. फक्त नाक नाही, टाळूपासून तळपायापर्यंत. उत्तरायणला (संक्रांतीला) पतंगांसाठी अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जायची मुभा दिली, पण रुंद काठाची टोपी घालून आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन लावून, तेही व्रणावर जाड थर देऊन.