नॅसचा फॅन घरघरतोय: तेल घालू की नवा बसवू?

आमच्या दोन डिस्कच्या नॅसचा (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवायचा डबा) ९२ मिमीचा फॅन रात्री असा घरघरायचा की बाजूच्या खोलीत आईची झोपमोड व्हायची. आधी तेलच घातलं, मागचा स्टिकर अर्धा सोलला, खाली रबराचं बूच, ते काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, बोटाने पातं फिरवलं आणि खरंच एकदम शांत! (खोबरेल अजिबात नको, थंडीत गोठतं.) पण हे स्लीव्ह बेअरिंगलाच (दांडा साध्या नळीत फिरतो ते) चालतं, बॉल बेअरिंग (छोट्या गोळ्यांवर फिरणारं) वाजत असेल तर उपयोग नाही, आणि माझंही दोनच महिने टिकलं, मग परत तेच.

मग नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए९ हा नवा फॅन घेतला. महाग आहे, मान्य, पण कंपनीची ६ वर्षांची वॉरंटी आहे. घेण्याआधी जुन्या फॅनची जाडी मोजा, बहुतेक २५ मिमी असते, आणि वायरच्या टोकाला पिना ३ की ४ तेही बघा. सोबत स्पीड कमी करायची छोटी वायर येते ती लावू नका, फेरे फार कमी झाले तर नॅसला वाटतं फॅन बंद पडला आणि बीप सुरू. डिस्कचं तापमान आठवडाभर बघत राहा. फोटो, कागदपत्रं सगळं नॅसमध्ये असेल तर सरळ नवाच घ्या, तेल फक्त पार्सल येईपर्यंत.