वॉलट्यूब मागायला आलेली पोरं आणि अरविंद गुप्तांचे व्हिडिओ

बार्शीत शाळेच्या रस्त्याला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, 31 वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर सातवी-आठवीतली पोरं येऊन वॉलट्यूब मागायला लागली. कोणी एक फूट, कोणी दोन फूट. सायकल मात्र एकाच्याही हातात नाही.

गिअरच्या नव्या सायकली चालवणाऱ्यांना वॉलट्यूब ठाऊक नसते, म्हणून सांगतो. साध्या सायकलच्या जुन्या वॉल्व्हला बाजूनं एक बारीक भोक असतं. त्यावर ही पातळ रबरी नळी चढवतात. पंप मारला की हवेच्या जोरानं रबर फुगतं आणि हवा आत जाते. पंप थांबला की रबर भोकाला घट्ट बसतं, हवा बाहेर येत नाही. हल्ली खप कमी, पण मी ठेवतो.

शेवटी एका मुलीला विचारलं, "कशाला गं एवढी?" ती म्हणाली, "काका, काड्यांचा पिरॅमिड करायचाय," आणि वडिलांच्या फोनवर व्हिडिओ दाखवला. दीड-दोन मिनिटांचा असेल. त्या रात्री घरी मी असे तीसेक व्हिडिओ पाहिले.

साध्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते दाखवणारे हे व्हिडिओ अरविंद गुप्तांचे. arvindguptatoys डॉट कॉम या साइटवर आहेत आणि यूट्यूबवरही. पुष्कळ व्हिडिओ मराठीत बोलतात. साइटवर पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होते. 1978 मध्ये वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या गावच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून त्यांनी हा काडेपेटीच्या काड्या आणि वॉलट्यूबचा खेळ तयार केला. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, मुलांसाठीच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ट्रकच्या कारखान्यातला माणूस माझ्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त मालाकडे एवढ्या आदरानं बघतो, हे मला फार भावलं.

काम सोपं आहे. काडीचा गुल आधी खरवडून टाकायचा. वॉलट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि दोन्ही तोंडांत एकेक काडी घालायची. झाला दोघींचा जोड. तिसरी काडी हवी असेल तर तुकड्याच्या मध्यावर काट्यानं भोक पाडून त्यात खोचायची. मी बाभळीचा काटा वापरला. सुईपेक्षा तो बरा, भोक पुरेसं रुंद होतं आणि रबर फाटत नाही.

आधी चौकोन केला. बोटानं ढकलला, लगेच तिरका झाला. पंचकोनाचंही तेच. मग त्रिकोण केला आणि ढकलला. जागचा हलला नाही. रबराचे लिबलिबीत जोड, तरी आकार पक्का. मी ती वस्तू हातात घेऊन तसाच बसलो, समोर दुरुस्तीला आलेली सायकल उलटी उभी होती. तिच्या फ्रेमचा मागचा भाग म्हणजे सरळ त्रिकोण. पुढचाही जवळपास त्रिकोणच, फक्त हँडलकडचा कोपरा आखूड नळीनं जोडलेला. एवढी वर्षं फ्रेमा हाताळतोय, जोडाला तडकली की वेल्डिंगवाल्याकडे पाठवतोय, पण ती अशीच का बनवतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. सहा काड्या आणि चार जोड यांचा चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा पिरॅमिड, केला, तो तर मुठीत दाबला तरी टिकला.

मोटरचा व्हिडिओ दुसरा आवडता. टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, त्या सेलला बांधायला सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा, स्पीकरचं जुनं चुंबक आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून मीटरभर इनॅमलची, म्हणजे वीज अडवणारा लेप असलेली, तांब्याची तार. तारेचं वेटोळं करून त्याची दोन टोकं पिनांच्या भोकांत टेकवायची. माझी मोटर दोन दिवस फिरलीच नाही, नुसती थरथरायची. व्हिडिओ पुन्हा थांबवून पाहिला तेव्हा चूक कळली. टोकांवरचं इनॅमल तीन बाजूंनीच खरवडायचं होतं, मी चारही बाजूंनी साफ केलं होतं. चौथ्या बाजूचं इनॅमल शिल्लक असलं की फेरीत थोडा वेळ वीज तुटते, वेटोळं आपल्या झोकानं पुढे जातं आणि परत वीज मिळते. वीज सतत चालू राहिली तर चुंबक त्याला अर्ध्या फेरीनंतर मागे ओढतं. तार बदलली, एक टिचकी मारली आणि मोटर भिरभिरली. एक सांगतो, वेटोळं थांबलेलं असताना सेलवर ठेवू नका. सेल तापतो आणि लवकर बसतो.

पालकांनी एवढं समजून घ्यावं की इथं इयत्तेनुसार धडे लावलेले नाहीत. परीक्षेच्या आठवड्यात उत्तरं शोधायला ही जागा नव्हे. व्हिडिओ भराभर पुढे जातात, त्यामुळे दर पायरीला थांबवावं लागतं. आणि नुसतं बघून काही हाती लागत नाही. मोटरचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला होता, तरी इनॅमलचं गणित समजलं ते तार हातात धरल्यावर. लहान मुलं ब्लेड वापरणार असतील तर मोठ्यांनी शेजारी बसावं. व्हिडिओखेरीज साइटवर मुलांची आणि शिक्षकांची पुस्तकं आहेत, मराठीसुद्धा, तीही उतरवून घेता येतात. मी अजून त्यातली दोनच वाचली, म्हणून जास्त बोलत नाही.

शिक्षकांना मात्र आग्रहानं सांगेन. साठ मुलांच्या वर्गाला प्रयोगशाळा नसली तरी काडेपेट्या आणि चार-पाच मीटर वॉलट्यूब घ्या, त्रिकोणाचा तास त्यातच होतो. खर्च चहाच्या बिलाएवढा.

पोरांकडून मी वॉलट्यूबचे पैसे घेत नाही. अट एकच, केलेली वस्तू दाखवायला आणायची. पंपांच्या वरच्या फळीवर सध्या नऊ चतुष्फलक आणि एक घर आहे. घर त्या पहिल्या मुलीचं. भिंती चौकोनी असल्यामुळे ते कलत होतं, तेव्हा तिनं माझ्यासमोरच उभं राहून प्रत्येक भिंतीत एक तिरकी काडी बसवली.